क्वार्टरबॅकनं सुट्टीत सराव घेतला म्हणून संघ जिंकतो का?

तुम्ही विचारलंय की मोसम नसताना क्वार्टरबॅक, म्हणजे अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकून खेळ चालवणारा खेळाडू, पोरांना जमवून सराव घेतो त्याला नेतृत्व का म्हणायचं, आणि त्यानं संघ जिंकतो का. दुसऱ्याचं उत्तर आधी देते: खात्री नाही. 2011 मध्ये एनएफएलचा, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगचा, लॉकआउट (मालकांची टाळेबंदी) मार्चपासून जुलैपर्यंत चालला, खेळाडूंना क्लबची दारं बंद. न्यू ऑर्लीन्सच्या संघाचा क्वार्टरबॅक ड्रू ब्रीझ, त्यानं तिथल्या टुलेन विद्यापीठात सहकारी गोळा केले आणि त्या मोसमात 5,476 यार्डांचे पास फेकून डॅन मरिनो या जुन्या क्वार्टरबॅकचा 1984 चा विक्रम मोडला. इथे न्यू जर्सीत होबोकनच्या शाळेच्या मैदानावर जायंट्स संघाच्या ईली मॅनिंगनं तेच केलं, आणि पुढच्या फेब्रुवारीत जायंट्स सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकले. पण ग्रीन बे पॅकर्सनी असा सराव न भरवताही 16 पैकी 15 सामने मारले. तेव्हा आकड्यांवर भांडू नका.

नेतृत्वाचं मात्र मी डोळ्यांनी पाहिलंय.

तीन वर्षांपूर्वी माझा मुलगा हायस्कूलच्या संघात क्वार्टरबॅक होता. जूनमध्ये काही आठवडे नियमानुसार कोचना मैदानावर येता येत नव्हतं. यानं ग्रुपवर मेसेज टाकला, सकाळी आठला या. आले चार. घरी येऊन चिडला नाही, एकेकाला फोन लावत बसला. तेव्हा कळलं की लाइनमधले (समोरच्यांना अडवणाऱ्या फळीतले) दोघे नऊला दुकानात कामाला जातात, आणि ज्या रिसीव्हरवर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणाऱ्यावर, सगळा खेळ अवलंबून त्याची आई रात्रपाळी करते, गाडी सातनंतर घरी येते. यानं वेळ सहाची केली आणि मला म्हणाला, "आई, त्याला आपण आणूया." पावणेसहाला त्या पोराच्या दारात मी व्हॅन घेऊन उभी असायची. जुलै संपेपर्यंत सतरा जण येत होते.

मुलगा आणि तो रिसीव्हर एकच रूट, म्हणजे रिसीव्हरनं धावायची ठरलेली वाट, पुन्हा पुन्हा करायचे. रिसीव्हर वळायच्या आधीच चेंडू हातातून सुटायला हवा, आणि तो कितव्या पावलावर वळतो, दमल्यावर किती उशिरा वळतो, हे पाहून पाहूनच कळतं. ऑक्टोबरमधल्या एका सामन्यात तिसरा डाउन, म्हणजे चारांपैकी तिसरा प्रयत्न होता, चेंडू आपल्याकडे ठेवायला आठ यार्ड हवे होते. यानं चेंडू फेकला तेव्हा त्या पोराची पाठ होती. माझ्या शेजारच्या बाई ओरडल्या. पोरगा वळला आणि चेंडू त्याच्या हातात. सामना आम्ही हरलो, पण तो झेल मी विसरणार नाही.

ऑगस्टमध्ये कॅप्टन दुसऱ्याच मुलाला केलं होतं. मला ते अजून लागतं. गणपतीत भावोजी जेवायला आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "मग उन्हाळा फुकटच गेला की. त्यापेक्षा कॉलेजच्या सॅट परीक्षेचा क्लास झाला असता." मुलगा मोदक अर्धा ठेवून उठला. मी तेव्हा पाहुण्यांसमोर गप्प बसले, ते चुकलं माझं. भावोजी, सोळा वर्षांच्या पोरानं सतरा घरांतल्या अडचणी माहीत करून घेतल्या, त्या कोणत्या क्लासात शिकवतात? कॅप्टनचा बिल्ला कोच देतो. पहाटे सहाला पोरं येतात ती कोणाच्या सांगण्यावरून येत नाहीत.

तेव्हा तुम्ही सराव भरवणार असाल तर कवायतींची यादी नंतर करा, आधी कोणाला यायला जमत नाही ते विचारा.

आणि हो, मैदानाची परवानगी लेखी घ्या. आम्ही पहिला आठवडा तशीच पोरं खेळवली, ते बरोबर नव्हतं. पॅड नसताना लाइनमनना एकमेकांवर आदळू देऊ नका. न्यू जर्सीचा जुलै दमट असतो, सकाळी आठलाच घाम निथळतो. पाणी भरपूर ठेवा आणि कोणातरी एका मोठ्या माणसाला तिथे बसवा. आमच्याकडे मीच बसायचे, थर्मासमधला चहा घेऊन.