भारतात खरोखर संरक्षित असे जंगल आता किती उरले आहे?

देशाचा चौथा हिस्सा हिरवा असल्याचे सांगितले जाते, मग संरक्षित जंगल नेमके किती आणि ते पुरेसे आहे का, असा आपला प्रश्न आहे. आधी आकडा देतो. राष्ट्रीय उद्याने, अभयारण्ये, संवर्धन राखीव क्षेत्रे आणि सामुदायिक राखीव क्षेत्रे मिळून सुमारे १ लाख ७५ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे देशाच्या भूभागाच्या ५.३ टक्क्यांच्या आसपास. त्यात राष्ट्रीय उद्यानांचा वाटा दीड टक्क्याहूनही कमी आहे. व्याघ्र प्रकल्पांचे क्षेत्र यात पुन्हा मिळवू नये, कारण त्यांचा गाभा बहुतांशी याच उद्यानांत आणि अभयारण्यांत असतो.

‘चौथा हिस्सा’ हा आकडा वेगळ्याच मोजणीतून येतो. २०२३ च्या वनस्थिती अहवालात वनाच्छादन २१.७६ टक्के आणि बाकीचा झाडोरा धरून २५.१७ टक्के दाखवले आहे. एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या तुकड्यावर झाडांचे छत्र दहा टक्के किंवा अधिक दिसले की तो तुकडा वनाच्छादनात जातो. जमीन कोणाची, झाडे कोणती, ती लावलेली बाग आहे की मूळचे रान, हे त्यात पाहिले जात नाही. या एका व्याख्येवरून माझे आणि माझ्या धाकट्या भावाचे पंधरा वर्षांहून अधिक काळ पटलेले नाही, म्हणून आपला प्रश्न वाचल्यावर मला उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही.

आमचे गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटीच्या पलीकडे. वडिलांच्या नावावर ओढ्याला लागून चार एकर राई होती. मत्ती, किंदळ, नाणा, हिरडा, जांभूळ आणि कोणी न लावलेले रायवळ आंबे अशी ती होती. वडिलांनी तिथे कधी कोयता चालू दिला नाही. पडलेले लाकूड तेवढे घरी यायचे. एका जुन्या झाडाच्या ढोलीत दर उन्हाळ्यात धनेश पक्ष्याची मादी स्वतःला लिंपून घ्यायची आणि नर दिवसभर फळे आणून फटीतून तिला भरवायचा. शाळेला सुट्टी लागली की आम्ही दोघे भाऊ बांधावर बसून त्याच्या फेऱ्या मोजत असू. भाऊ माझ्याहून चांगला मोजायचा, हे इथे मुद्दाम लिहितो.

वडील गेल्यावर वाटणी झाली. मी बेळगावात नोकरीला होतो. मला भातशेत आले आणि राई भावाकडे गेली. मी त्या वेळी हरकत घेतली नाही, ही माझी चूक होती. पुढे भीमगड अभयारण्य होणार अशी बोलवा सुरू झाली. अभयारण्य आले की आपल्याच जमिनीतली फांदीसुद्धा तोडता येणार नाही, असे एका लाकूड व्यापाऱ्याने भावाच्या मनात भरवले आणि २००९ च्या उन्हाळ्यात राई उभी कापली गेली. मला कळले तेव्हा ओढ्याच्या काठावर ओंडके रचलेले होते. त्या जागी भावाने काजू लावला. २०११ च्या डिसेंबरात अभयारण्याची अधिसूचना निघाली आणि आमची जमीन हद्दीच्या बाहेरच राहिली. ज्या भीतीपोटी राई गेली, ती भीतीच निराधार होती.

भावाचे म्हणणे आजही तेच आहे की झाडे कमी झाली नाहीत, बदलली. दुर्दैवाने देशाची मोजणी त्याच्याच बाजूची आहे. चार एकर म्हणजे दीड हेक्टरहून जास्त. राई असताना तो तुकडा वनाच्छादनात बसत होता आणि काजूचे छत्र दाटल्यावरही बसतो. कागदावर काहीच गेले नाही. धनेश मात्र पुन्हा आला नाही; ढोली धरायला झाड खूप जुने आणि जाड व्हावे लागते आणि काजू तितका जुना होईपर्यंत ठेवत नाहीत. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की वनाच्छादनाच्या आकड्याने कोणी समाधान मानू नये. त्याच अहवालातले अतिदाट, म्हणजे सत्तर टक्के किंवा अधिक छत्राचे जंगल पाहावे. ते देशाच्या सुमारे तीन टक्केच आहे.

पुरेसे आहे का, याचे उत्तर नाही असे आहे. आमच्याच जिल्ह्याचे पाहा. भीमगड सुमारे १९० चौरस किलोमीटर आणि गोकाक तालुक्यातले घटप्रभा पक्षी अभयारण्य सुमारे ३०. साडेतेरा हजार चौरस किलोमीटरच्या जिल्ह्यात दोन टक्केही भरत नाही. म्हादई नदी भीमगडाच्या रानात उगम पावते, मलप्रभा नदी शेजारी कणकुंबीला उगवते आणि तिचे पाणी सौंदत्तीजवळच्या धरणातून हुबळी-धारवाडचे लोक पितात. भीमगडाला गोव्याचे म्हादई अभयारण्य लागूनच आहे, म्हणून ते तग धरून आहे. एकटा तुकडा असता तर गवा आणि वाघ त्यात किती दिवस राहिले असते? केवळ टक्केवारीवरून ही सलगता कळत नाही.

काही गोष्टी मात्र कबूल केल्या पाहिजेत. ५.३ टक्क्यांच्या बाहेर वनखात्याचे राखीव जंगल बरेच आहे आणि त्यालाही १९८० च्या वन संवर्धन कायद्याचे काही संरक्षण आहे. संरक्षित म्हटलेल्या क्षेत्रातही सगळीकडे घनदाट रान नाही. गवताळ माळ, वाळवंट आणि पाणथळ जागाही त्यात येतात, आणि त्या तितक्याच मोलाच्या आहेत. भीमगडाच्या आतल्या वाड्यांनी रस्ता नसणे, वीज नसणे आणि पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावरून न्यावे लागणे हे सगळे सोसले आहे. ते न सोसता बेळगावात बसून अभयारण्याची बाजू घेणे सोपे आहे, हे भावाचे बोलणे मी खोडू शकत नाही.

तरीही आपल्या घरात अशी राई असेल तर ती वाटणीत घालू नका. सामाईक ठेवा आणि सगळ्यांच्या सह्यांनी तसे लिहून ठेवा. खाजगी जमीनही मालकाने स्वेच्छेने पुढे येऊन सामुदायिक राखीव क्षेत्र म्हणून जाहीर करून घेता येते; वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने ती सोय झाली. जमीन सरकारजमा होत नाही, मालकी कुटुंबाचीच राहते. हे २००९ मध्येही शक्य होते. मी भावाला ते सांगितले नाही, कारण तेव्हा मला ते माहीत नव्हते, आणि त्यानेही कापण्याआधी मला विचारले नाही.

माझ्या वाट्याच्या भातशेतातला ओढ्याकडचा एक एकर मी २०१४ पासून मोकळा सोडला आहे. भाऊ त्याला पडीक म्हणतो. त्यात आता जांभूळ आणि किंदळ आपोआप उगवून माणसाच्या डोक्यावर गेले आहेत, आणि मागच्या वैशाखात एक शेकरू तिथून भावाच्या काजूत न उतरता ओढ्यापलीकडच्या रानाकडे जाताना मी पाहिले. एक एकर म्हणजे अर्धा हेक्टरही नाही, त्यामुळे त्या तुकड्याला वनाच्छादनाच्या आकड्यात जागा नाही.