नऊ कॅन तेल आणि उडालेली झोप

"मॅडम, हिनं घराचं वाण्याचं दुकान करून ठेवलंय," खुर्चीत टेकायच्या आधीच यजमान म्हणाले. ताई काही बोलल्या नाहीत. पर्सचा बंद बोटाला गुंडाळायचा आणि सोडायचा, एवढंच चाललं होतं. डोळ्यांखाली काळं आलं होतं. रोज रात्री अडीच-तीनला जाग येते आणि मग झोप लागत नाही, हे बऱ्याच वेळानं त्यांनी सांगितलं. जाग आली की त्या स्वयंपाकघरात जातात आणि डबे उघडून बघतात.

मी सांगलीत कौटुंबिक समुपदेशन करते. पूर्वी नवरा-बायकोची भांडणं, मुलांचं शिक्षण, सासू-सून असे विषय घेऊन लोक यायचे. आता त्या भांडणांच्या तळाशी बहुतेक वेळा एकच प्रश्न निघतो: पगार आहे तेवढाच, महागाई थांबायचं नाव घेत नाही, उद्या काही झालं तर आपलं कसं होणार? "काळजी करू नका" हे या प्रश्नाचं उत्तर नाही, आणि ते मी कधी देत नाही. काळजी खरी असते. या कुटुंबाची गोष्ट त्यांना विचारूनच लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

घरात पाच माणसं. यजमान कुपवाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात. ताई घरी फॉल-पिको करतात, महिन्याला साडेतीन हजार सुटतात. मुलगी बारावीला, मुलगा आठवीत, आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. ताई त्यांना आत्या म्हणतात. हल्ली पहिल्या मजल्यावर भाड्याने राहतात. पूर्वी कृष्णेच्या बाजूला तळमजल्यावर होते.

ऑगस्ट २०१९ चा महापूर. सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथे ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका मानतात, त्यावरून कल्पना यावी. त्यांच्या त्या तळमजल्याच्या घराचा माळासुद्धा बुडाला. दहा दिवसांनी दार उघडलं तेव्हाचं ताई सांगत होत्या: "भिजलेला गहू कसा फुगतो बघितलाय का मॅडम? पोतं आपोआप फाटतं. आणि तो वास. अजून रात्री येतो मला." वर्षाचा भरलेला गहू त्यांनी फावड्यानं ओढून बाहेर काढला होता. त्यातून सावरेपर्यंत मार्च २०२० ची टाळेबंदी. मग जुलै २०२१ ला पुन्हा पूर. २०२२ ला तेलाचे भाव भडकले, २०२३ च्या जुलैत टोमॅटोनं शंभरी ओलांडली. टीव्हीवर भाववाढीची बातमी आली की ताई उठून दुकानात जायच्या. पैसे नसले तर कार्डावर.

सहसा मी कुणाच्या घरी जात नाही. इथे गेले, कारण यजमान "दुकान" म्हणत होते आणि ताई "थोडंफार सामान" म्हणत होत्या, आणि दोघंही खरंच बोलत होते. पलंगाखाली पाच लिटरचे तेलाचे नऊ कॅन. बारा किलो साखर. तूरडाळीच्या दोन डब्यांत भुंगे. रव्याला जाळी धरलेली. मागच्या रांगेतला एक कॅन फोडलेला होता, त्याला खवट वास. साबणाच्या वड्या मी मोजल्या नाहीत. मुलगी दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती, आईला कुणी काही बोलेल की काय म्हणून. एवढा साठा केल्याबद्दल त्या दिवशी मी ताईंना एका शब्दानंही टोकलं नाही. ज्या बाईनं फावड्यानं गहू ओढलाय तिला "एवढं कशाला घेतलंस" विचारायचा मला काय हक्क?

पुढच्या भेटीत मी एकच प्रश्न दिला आणि चौघांनी बसून त्याचं उत्तर कागदावर लिहायचं ठरवलं: २०१९ ला नेमकं काय कमी पडलं?

ताईंना वाटलं उत्तर सोपं आहे. लिहायला बसल्यावर मात्र पेन थांबलं. पिण्याचं पाणी कमी पडलं. आत्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या दोनच उरल्या होत्या, चौथ्या दिवशी चक्कर आली. एटीएम बंद, हातात रोख शंभर रुपये. दोघांचे मोबाइल बंद पडले, त्यामुळे पुण्याच्या दिराला तीन दिवस काही कळलं नाही. मुलीचे शाळेचे दाखले, रेशनकार्ड, यजमानांचे कामाचे कागद भिजले. पुढे सहा महिने हेलपाटे त्या कागदांपायी.

"आणि खायला?" मी विचारलं.

"खायला मिळालं की," आत्या म्हणाल्या. "शाळेत ठेवलं होतं आम्हाला. दोन्ही वेळा जेवण यायचं."

ताई कागदाकडे बघत राहिल्या. पाच वर्षं त्या जे साठवत होत्या ते कमी पडलंच नव्हतं. उलट साठवलेला गहूच फुगून फुटला होता.

मग टाळेबंदीचा कागद. तेव्हा सांगलीत धान्याची दुकानं चालू होती, रेशनही मिळत होतं. कमी पडला तो पैसा. दोन महिने पगार नाही, घरभाडं थकलं, किराणा उधारीवर. म्हणजे पुरानं कागद, औषध आणि पाणी तोडलं, टाळेबंदीनं पगार तोडला, आणि ताई दोन्हीचा बंदोबस्त तेलाच्या कॅननं करत होत्या. हे मी बोलून दाखवलं नाही. त्यांच्याच अक्षरातले दोन कागद शेजारी ठेवले, एवढंच.

इथे यजमानांबद्दल सांगायला हवं. ते बायकोला घेऊन आले होते, स्वतःसाठी आले नव्हते. पण पगाराचा विषय निघाल्यावर मान खाली गेली. चार महिन्यांपासून कारखान्यात ओव्हरटाइम बंद होता. सत्तावीस हजार हातात यायचे ते एकवीस झाले होते. घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. "हिला आधीच झोप नाही, त्यात हे कुठं सांगू?" सहा हजारांची भर ते मित्राकडून हातउसने घेऊन घालत होते. ताई लगेच म्हणाल्या, "मला वाटतच होतं. हे रात्री जेवताना बोलायचे बंद झाले होते."

मला या व्यवसायात हे इतक्या वेळा दिसलंय की आता मी पहिल्या दोन भेटींतच विचारते: घरात पैशाचं काय लपवलंय? बायकोला त्रास नको म्हणून नवरा लपवतो, नवरा चिडेल म्हणून बायको लपवते. दोघांनाही काहीतरी बिनसलंय हे कळत असतं, काय ते कळत नसतं, आणि न कळलेल्या संकटाची तयारी कितीही केली तरी पुरत नाही. ताईंच्या साठ्यातले निम्मे जिन्नस त्या चार महिन्यांतलेच होते.

ताईंच्या बाजूलाही एक गोष्ट दडलेली होती: क्रेडिट कार्डाचे ३८,००० रुपये. त्या दरमहा "मिनिमम" भरत होत्या, १,९०० रुपये, आणि आपण कर्ज फेडतोय असं समजत होत्या. मुलीला मी कॅल्क्युलेटर घेऊन बसवलं. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे १,३३० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी २४० च्या आसपास. एकोणीसशे भरून मुद्दल कमी होत होतं ते सव्वातीनशे रुपयांनी. मग तिनं स्वतःहूनच पुढचं गणित मांडलं: घरात ४५ लिटर तेल आहे, लिटरमागे दहा रुपयांनी जरी महागलं तरी आपले वाचणार साडेचारशे. "आई, हे तर दहा-अकरा दिवसांचं व्याज." त्या वाक्यावर ताई पहिल्यांदा रडल्या. मुलीनं कॅल्क्युलेटर बाजूला ठेवला आणि आईचा हात धरला.

त्यानंतर जे ठरलं ते मी सांगितलेलं कमी, त्यांचंच जास्त. ताईंची बारा बायकांची दोन हजारांची भिशी होती, त्यांनी ती अजून उचलली नव्हती. घरगुती आटाचक्की घ्यायला राखून ठेवलेली. अडचण सांगितल्यावर बायकांनी पुढचा नंबर त्यांना दिला. चोवीस हजार थेट कार्डात. उरलेल्या चौदा हजारांसाठी घरातला साठा खायला काढला. डाळ चाळून, उन्हात घालून वापरली, खवट कॅन काढून टाकला. तीन महिने किराण्याचं बिल साडेसहा हजारांवरून अडीच हजारांवर आलं, वाचलेले चार हजार दरमहा कार्डात गेले. चौथ्या महिन्यात कार्ड कोरं झालं. ते कात्रीनं कापायचं काम मुलाला दिलं होतं.

साठा खायला काढणं मात्र ताईंना फार जड गेलं. एक कॅन संपला की छातीत धडधडायचं. इथे आत्यांनी मला जमलं नसतं ते केलं. त्या मूळच्या आटपाडीकडच्या. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या, मदतीत मिळालेली सुकडी आणि लाल मिलो ज्वारी खाल्लेल्या. त्यांनी जुन्या पेटीतलं पितळी मापटं काढलं आणि सुनेला शेजारी बसवून मोजायला घेतलं. "आमच्यात बेगमी माप घालून व्हायची. घरची तोंडं किती, पाहुणारावळा किती, बियाणं किती, सुगीपर्यंत महिने किती. तेवढं झालं की कणगीचं तोंड शेणामातीनं लिंपायचं. मग परत बघायचं नाही." पाच माणसांना तेल महिन्याला चार लिटर लागतं, असं मोजल्यावर निघालं. घरात अकरा महिन्यांचं होतं. ताईंनी प्रत्येक जिन्नसाचं माप वहीत लिहिलं: तेल एक कॅन वापरात, एक शिल्लक, तूरडाळ दीड महिन्याची, गहू मात्र तीन महिन्यांचा, कडुनिंबाचा पाला घालून. डाळ मार्चमध्ये, नवी आली की घ्यायची आणि एरंडेल चोळून ठेवायची. या आकड्यांवर मी काहीच बोलले नाही. महिन्याऐवजी दीड महिना का, याची त्यांची कारणं होती आणि मला ती पटली.

वही डब्यांच्या फळीवर लटकवली. रात्री जाग आली तर डबे उघडायचे नाहीत, वही वाचायची, असं आमचं ठरलं. पहिले पंधरा दिवस त्यांनी दोन्ही केलं. नंतर वहीवर भागायला लागलं. झोप मात्र लगेच परत आली नाही, आणि मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवलं. पुरानंतर किंवा नोकरी गेल्यावर महिना-महिना झोप नसेल, तोच तो वास, तेच दृश्य परत येत असेल, तर नुसत्या हिशेबानं ते जात नाही. त्यासाठी औषध घेण्यात कमीपणा नाही. कुठे जायचं सुचत नसेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

पुराच्या कागदावरून एक पिशवी तयार झाली. शेतावर खताच्या गोणीत असतो तसल्या जाड प्लास्टिकच्या अस्तराची, ताईंनीच शिवलेली. आत रेशनकार्ड, आधार, दाखले, भाडेकरार, विम्याचे कागद. आत्यांच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी. बॅटरी, चार्ज केलेली पॉवर बँक. दहा-वीस-पन्नासच्या नोटांत दोन हजार रुपये. दिराचा, घरमालकांचा आणि जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ हा नंबर कागदावर लिहून. मोबाइल बंद पडला की त्यातले नंबर कुणाच्याच पाठ नसतात. कागदांची पुण्याला दिराकडे एक झेरॉक्स. आणि आत्यांसकट सगळ्यांची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची कार्डं काढून आणली. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचा उपचार त्यात बसतो, पण रुग्णालयाच्या दारात उभं राहून कागद गोळा करण्याची वेळ येऊ नये.

पैशाच्या बाजूनं अवघड काम यजमानांचं होतं. पगाराची चिठ्ठी आता महिन्याच्या सात तारखेला जेवणाच्या वेळी सगळ्यांसमोर येते. चैनीचा एक रुपया न धरता घर चालायला महिन्याला १९,८०० रुपये लागतात हे पाचही जणांना माहीत आहे, आठवीतल्या मुलालाही. काहींना हे आवडत नाही, मुलांवर ओझं नको म्हणतात. मला पटत नाही. मुलांना घरातली गप्पगप्प हवा कळतेच. आकडा कळला तर निदान ती हवा कशाची आहे ते समजतं. या मुलानं क्लासची बस सोडून सायकल काढली, ती कुणी सांगितलं म्हणून नव्हे. कार्ड फिटल्यावर दरमहा दोन हजार वेगळ्या खात्यात जातात. तीन महिन्यांच्या खर्चाएवढे, म्हणजे साठेक हजार, जमायला अडीच वर्षं लागतील. यजमानांना तो वेळ फार वाटला. मी म्हटलं, चार महिने हातउसने घेऊन काढलेत ना, पहिले वीस हजार दहा महिन्यांत होतील, आणि तो एक महिना तुम्हाला मित्रापुढे उभं राहावं लागणार नाही. तेल किती महाग होईल हे आपल्या हातात नाही. दरवर्षी काहीतरी एक चढतंच, कधी तूरडाळ, कधी टोमॅटो, कधी सिलिंडर. त्या महिन्यात तेवढा जिन्नस कमी करायचा आणि मूगमटकीवर भागवायचं, हे ताईंना माझ्यापेक्षा चांगलं जमतं.

पुढच्या पावसाळ्यात, जुलैच्या शेवटी, त्यांचा फोन आला. कोयनेतून पाणी सोडलं होतं, आयर्विनपाशी पातळी छत्तीसच्या पुढे सरकत होती. आवाजात घाई होती, पण त्या दुकानातून बोलत नव्हत्या. पिशवी दाराच्या खुंटीला लावली होती, पाण्याची भांडी भरून झाली होती.

"मॅडम, एकच विचारायचं होतं. आत्यांच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या ठेवल्यात. महिन्याच्या ठेवू का?"

"ठेवा," मी म्हटलं. "डॉक्टरांकडून आजच लिहून घ्या."