पाणीकपात चालू असताना घरासमोरच्या लॉनला आणि झाडांना पाणी घालणं चूक आहे का? घालायचं तर किती?

लॉनला घालू नका, झाडांना घाला. खरं तर उत्तर एवढंच. पण हा वाद आमच्या घरात 2016 पासून मिटलेला नाही, त्यामुळे जरा लांबेल.

मी लातूरची. मांजरा धरण आटलं आणि त्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. पहिल्या गाडीत 5 लाख लिटर होतं. आमच्या गल्लीत मात्र यायचा तो टँकर. घरटी 200 लिटर, तेही आठ दिवसांनी. पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं नकोत म्हणून जमावबंदी लावली होती.

आणि आमच्या अंगणात 400 चौरस फूट लॉन! पुतणीच्या साखरपुड्यासाठी थोरल्या जाऊबाईंनी हौसेने करून घेतलेलं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात लॉनला दिवसाला 5 मिलिमीटर धरलं तरी 400 चौरस फुटांना सुमारे 185 लिटर लागतात. म्हणजे एका घराचं आठवड्याचं पाणी गवत एका दिवसात पिणार. मी हे कॅलेंडरच्या मागे लिहून दाखवलं, तर जाऊबाई म्हणाल्या, "तू शाळेत शिकवतेस, घरात नको शिकवूस."

त्यांनी खाजगी टँकर मागवून हौद भरला. रात्री अकराला अंगणातला दिवा मालवून पाइप सोडायच्या. "पैसे मोजलेत, फुकटचं नाही." अहो, पण ते पाणी कुणाच्या तरी बोअरचंच ना? एकदा सकाळी शेजारच्या काकू तांब्याभर पाणी मागायला आल्या. चप्पल काढून गवतावरून आल्या, मधेच थांबल्या, अंगठ्याने गवत दाबून बघितलं. बोटांमधून पाणी वर आलं. बोलल्या काहीच नाहीत. तांब्या घेतला नि गेल्या. त्या दिवसापासून पाइप मी माझ्या कपाटात ठेवला आणि महिनाभर आमचं बोलणं बंद झालं.

लॉन पंधरा दिवसांत काथ्यासारखं झालं. जूनमध्ये पाऊस पडल्यावर त्यात हिरवं आलं, पण ती आमची जुनी हरळी. ती सुकते, पण सहसा मरत नाही. हिरवळ हवीच असेल तर हरळी ठेवा आणि उन्हाळ्यात ती पिवळी पडली म्हणून जीव टाकू नका.

सासूबाईंनी लावलेला पारिजातक मात्र मी जगवला. बुंध्यापासून लांब, दुपारची सावली संपते तिथे दोन माठ गळ्यापर्यंत पुरले. आधी घरातलाच जुना माठ पुरला होता, तो पाझरेचना. आमच्या जड पाण्याच्या क्षारांनी त्याची छिद्रं बुजलेली. कुंभाराकडून नवे आणले, तेव्हा माती ओली दिसायला लागली. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी त्यात गाळून ओतायचं, वर झाकण ठेवायचं. माठ रिकामा झाला तरच पुन्हा भरायचा. भोवती उसाचं पाचट चार बोटं जाड पसरलं, फक्त बुंध्याला टेकू दिलं नाही, नाहीतर वाळवी लागते. कण्हेर आणि बोगनवेलीकडे मी बघितलंही नाही, त्या आपापल्या जगल्या.

आता जाऊबाई जे हमखास काढतात ते मीच सांगते: लिंबू मी मारलं. वॉशिंग मशीनचं साबणाचं पाणी रोज त्यालाच ओतत होते. पानं कडेने करपली, माती वरून पांढरी आणि टणक झाली, मेअखेर झाड गेलं. पूर्वी मोरीच्या पाण्यावर केळ आणि अळू पोसायचे म्हणून मला वाटलं हेही चालेल. मशीनची पावडर वेगळी, हे उशिरा कळलं. आरओचं वाया जाणारं पाणीही तसंच खारट, ते फरशी पुसायला वापरा.

अजून एक राहिलंच. हे सगळं जुन्या, मुळं खोल गेलेल्या झाडांचं. दोन वर्षांच्या आतलं रोप असेल तर त्याला उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा तरी पाणी लागेलच, त्यात काटकसर नको. कुंड्या असतील तर त्या सावलीत एकत्र ढकला. तुमचं झाड कोणतं, माती कसली ते तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे लिटरमध्ये आकडा मी देणार नाही.

आणि कुणी पेव्हर ब्लॉक सुचवतील, त्यांचं ऐकू नका. जाऊबाईंनी लॉनच्या जागी तेच बसवले. "घ्या, वाचलं तुमचं पाणी!" म्हणाल्या. आता पावसाचा थेंब जमिनीत मुरत नाही, सगळं गेटखालून रस्त्यावर जातं, आणि एप्रिलात संध्याकाळी सातलासुद्धा अनवाणी चालवत नाही. पारिजातकाचा सडा मात्र त्याच ब्लॉकवर पडतो, आणि देवासाठी फुलं वेचायला परडी घेऊन सगळ्यांत आधी जाऊबाईच येतात.