बालवाडीतले पहिले वर्ष आणि सारखी सर्दी

प्रश्न : माझा मुलगा साडेतीन वर्षांचा असून जूनपासून बालवाडीत जाऊ लागला आहे. तेव्हापासून दर तीन-चार आठवड्यांनी त्याला सर्दी-खोकला होतो आणि एक-दोन दिवस ताप येतो. एरवी तो छान खेळतो, वजनही वाढते आहे; परंतु त्याची प्रतिकारशक्ती कमी आहे, असे सासूबाईंना वाटते आणि त्यांनी त्याचे दही व केळे बंद केले आहे. शेजारच्या वहिनींनी प्रतिकारशक्ती वाढवणारे एक महागडे टॉनिक सुचवले आहे. लवकर बरे वाटावे म्हणून प्रत्येक वेळी अँटिबायोटिक द्यावे का? रोजच्या राहणीत आम्ही काय बदलावे? — एक आई, नाशिक

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य आपण सहज लिहून गेला आहात: मुलगा एरवी खेळतो आणि त्याचे वजन वाढते आहे. ज्या मुलाची प्रतिकारशक्ती खरोखर दुबळी असते, त्याची वाढ बहुधा खुंटते आणि त्याचे आजारही साध्या सर्दीवर थांबत नाहीत. सर्दीसारखे आजार घडवणारे विषाणू दोनशेहून अधिक प्रकारचे आहेत. गर्भात असताना आईकडून मिळालेली प्रतिपिंडे (जंतूंना ओळखून रोखणारी रक्तातील प्रथिने) जन्मानंतर काही महिन्यांत ओसरतात आणि त्यानंतर प्रत्येक नव्या विषाणूची ओळख मुलाच्या शरीराला स्वतःच करून घ्यावी लागते. या वयात वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होणे स्वाभाविक आहे, आणि बालवाडीच्या पहिल्या वर्षी तर त्याहूनही अधिक वेळा ती होऊ शकते. खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळत असल्यामुळे एक आजार संपण्याआधीच दुसरा सुरू होतो आणि मूल सतत आजारी असल्यासारखे वाटते.

दही आणि केळे कृपया पुन्हा सुरू करा. सर्दी विषाणूंमुळे होते, या पदार्थांमुळे नाही. सासूबाईंची काळजी रास्त आहे. फ्रीजमधले गार दही नको वाटत असेल, तर घरी विरजलेले ताजे दही दुपारच्या भातावर द्यावे, म्हणजे त्यांचेही समाधान होईल.

आहारात माझे अधिक लक्ष लोहाकडे आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यात सुखवस्तू घरांतील मुलेही आहेत, आणि याचे एक कारण मला रोज दवाखान्यात दिसते: मूल जेवत नाही म्हणून त्याला दिवसभर दूध पाजले जाते, दुधाने पोट भरते आणि मग ते आणखीच जेवत नाही. दुधात लोह नगण्य असते. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना वाढण्यासाठी लोह लागते, म्हणून या वयात दूध दिवसाला दोन कपांपुरते ठेवावे आणि भुकेला जागा मिळू द्यावी. मोड आलेली मटकी किंवा मूग, पालेभाजी, अळिवाचा लाडू आणि आपल्याकडे चालत असल्यास अंडी, मासे व मटण हे पदार्थ आलटून-पालटून असावेत. उसळीवर किंवा पोह्यांवर पिळलेले लिंबू ही नुसत्या चवीची बाब नाही, कारण त्यातील क जीवनसत्त्वामुळे वनस्पतिजन्य अन्नातील लोह अधिक शोषले जाते. चहाचा परिणाम नेमका उलटा होतो, म्हणून मुलांना चहा देऊच नये. अंगणवाडीतून किंवा आशाताईंकडून पाच वर्षांखालील मुलांसाठी आठवड्यातून दोनदा द्यायचे लोहाचे औषध मिळते, ते नियमित द्यावे. १० फेब्रुवारीच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनाची गोळीही चुकवू नये.

आता लसीकरणाचे कार्ड काढून पाहा. प्रतिकारशक्तीसाठी आपण जे काही करू शकतो, त्यात लसीइतके खात्रीचे दुसरे काहीही नाही, आणि तरीही दीड वर्षानंतरच्या मात्रा अनेक घरांत राहून जातात. गोवर-रुबेलाची दुसरी मात्रा आणि त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांवरील) लसीचा बूस्टर १६ ते २४ महिन्यांत झालेला असावा. अ जीवनसत्त्वाच्या नऊ मात्रा पाचव्या वर्षापर्यंत दर सहा महिन्यांनी पूर्ण व्हायच्या असतात. गोवराबद्दल मी मुद्दाम लिहितो आहे, कारण तो पूर्वी मिळवलेली प्रतिकारशक्तीही पुसून टाकतो: नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या मुलांच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गोवरानंतर इतर जंतूंविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडे नाहीशी झाल्याचे दिसले. २०२२ मध्ये मुंबईत गोवराची साथ आली, तेव्हा बालके दगावली. हे टाळता येण्यासारखे होते, याचे दुःख आजही वाटते.

घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल, तर ते पूर्णपणे थांबवा. गॅलरीत उभे राहून ओढल्यानेही धूर घरात येतोच. डास पळवणारी कॉइल आणि बंद खोलीतला धूप हेही मुलाच्या श्वासमार्गाला सुजवतात, त्यांच्याऐवजी मच्छरदाणी वापरा. बालवाडीतून आल्यावर आणि जेवणाआधी साबणाने वीस सेकंद हात धुण्याची सवय लावा. ऊन उतरल्यावर मैदानावर भरपूर पळू द्या.

टॉनिकचे पैसे वाचवा. चौरस आहार घेणाऱ्या मुलाची सर्दी त्यामुळे कमी होते, असा भरवशाचा पुरावा नाही. विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. उलट जुलाब होतात, आतड्यातील उपयुक्त जिवाणू मरतात आणि पुढे खरी गरज पडेल तेव्हा औषध निकामी ठरण्याचा धोका वाढतो. कोमट पाणी, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब आणि झोपताना चमचाभर मध एवढ्यावर बहुतेक सर्दी निभावते. मात्र एक वर्षाखालील बाळाला मध कधीही देऊ नये.

डॉक्टरांकडे तातडीने केव्हा जावे, हेही ठाऊक असावे. मूल शांत असताना मिनिटाला चाळीस किंवा त्याहून अधिक श्वास घेत असेल, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, ते पाणीही पीत नसेल किंवा ताप तीन दिवसांपेक्षा अधिक टिकला असेल, तर थांबू नका. वर्षात दोनदा न्यूमोनिया, चार किंवा अधिक वेळा कानाचा संसर्ग, वारंवार खोल गळवे किंवा खुंटलेली वाढ यांपैकी काही दिसले, तरच प्रतिकारशक्तीच्या तपासण्यांचा विचार करावा लागतो. आपल्या पत्रात यातले काहीही नाही.

प्रश्न : माझी नात तिसरीत आहे. रात्री अकरापर्यंत मोबाइल पाहते आणि सकाळी सातला उठते. अपुऱ्या झोपेमुळे ती वारंवार आजारी पडत असेल का? — एक आजोबा, सातारा

उत्तर : तशी शक्यता नक्कीच आहे. सहा ते बारा वर्षे वयाच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते आणि नातीला आठच तास मिळत आहेत. लस घेतल्यानंतर काही दिवस झोप कमी मिळाली, तर प्रतिपिंडे कमी तयार होतात, असे प्रौढांवरील अभ्यासांत दिसले आहे. यावरून झोप आणि प्रतिकारशक्ती यांचे नाते लक्षात यावे. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवावेत, असा निर्णय राज्य शासनाने २०२४ मध्ये घेतला, तो मुलांच्या झोपेचा विचार करूनच. परंतु शाळा उशिरा भरते म्हणून झोपणेही उशिरा होऊ लागले, तर त्याचा लाभ मुलांना मिळत नाही. नातीची झोपेची वेळ एकदम न बदलता दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटे अलीकडे आणावी आणि झोपेच्या तासभर आधी घरातले सर्वच मोबाइल बाजूला ठेवावेत, कारण मोठ्यांच्या हातात तो असताना मुलांना नाही म्हणणे कठीण जाते. तो एक तास आपण स्वतः गोष्ट सांगण्यासाठी घेतला, तर ती मोबाइल मागणार नाही, असा माझा अनुभव आहे.