चौथ्या महिन्यातल्या ‘फुकट टच-अप’ला होकार देऊ नका

भाऊ, तुमचं सगळं वाचलं. वय २७, परभणी जिल्हा, जानेवारीत हेअर ट्रान्सप्लांट झालं, आता तीन आठवडे होतायत. लावलेले केस अंघोळ करताना हाताला येतायत, डोक्याच्या मागं विरळ चट्टे दिसतायत, मे महिन्यात लग्न आहे. आणि क्लिनिकमधून उत्तर काय, तर “चौथ्या महिन्यात या, फुकट टच-अप (म्हणजे विरळ जागी पुन्हा थोडे केस लावणं) करून देतो.” हे शेवटचं वाचून लिहायला बसलो. हेच वाक्य मलाही ऐकवलं होतं आणि सगळ्या प्रकरणात सर्वांत महाग पडलं ते हेच. क्लिनिकचं नाव घेत नाही, विचारूही नका.

मी डॉक्टर नाही. खालचं वाचून गोळी चालू-बंद करू नका. तपासायला माणूसच लागतो, हे धरून चला.

आधी केस गळण्याचं. दुसऱ्या आठवड्यापासून आठव्यापर्यंत लावलेले बहुतेक केस गळतातच. मूळ कातडीत राहतं, वरची काडी पडते. हाताला आलेल्या केसाच्या टोकाला पांढरट बारीक बोंड दिसतं, ते बघून लोक घाबरतात की मूळच निघालं. तसं नाही. मूळ निघतं ते पहिल्या आठ-दहा दिवसांत, खपली ओढली किंवा दाराची चौकट लागली तर, आणि तेव्हा त्या जागी रक्त येतं. दहा दिवसांनंतर ग्राफ्ट, म्हणजे लावलेला मुळासकट केसांचा पुंजका, असा निघत नाही. नवा केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक, वाकडातिकडा येतो. सहाव्या महिन्यात निम्म्याच्या आसपास निकाल दिसतो, समोरचं पूर्ण चित्र वर्षानं, आणि टाळूच्या भोवऱ्याला दीड वर्षही लागतं. एवढं कळलं तरी निम्मी झोप परत येईल.

खरा मुद्दा मागच्या चट्ट्यांचा आहे. त्याची दोन कारणं असू शकतात आणि दोन्हींचं भवितव्य अगदी वेगळं. एक म्हणजे शॉक लॉस. पंच, म्हणजे ग्राफ्ट काढायची बारीक गोल नळी, फिरवताना भोवतालच्या कातडीला, रक्तपुरवठ्याला धक्का बसतो, भूल देताना मागं भरपूर औषध टोचलेलं असतं, त्यामुळं न काढलेले केसही काही काळ गळून बसतात. ते तीन-चार महिन्यांत आपोआप येतात. दुसरं म्हणजे एकाच पट्ट्यातून जवळजवळ टोचून ग्राफ्ट काढलेत. तिथं यायला मूळच उरलेलं नाही. ते कायमचं.

आज, तिसऱ्या आठवड्यात, कुणीही छातीठोकपणे फरक सांगू शकत नाही. ‘सगळं व्यवस्थित आहे’ म्हणणाराही नाही आणि ‘वाट लागली’ म्हणणाराही नाही. पण निरीक्षण आजच सुरू करा. खुर्चीत बसून मान पुढं झुकवा, घरातल्या कुणाला तरी खिडकीच्या उजेडात, कोरड्या केसांचा, फ्लॅश न लावता फोटो काढायला सांगा. दर पंधरा दिवसांनी तोच कोन, तेवढंच अंतर. चट्ट्यात एक मिलिमीटरच्या आसपासचे पांढरे ठिपके दिसतील, ते पंचचे व्रण. दोन ठिपक्यांच्या मधे शाबूत केस असतील तर काढणाऱ्याला भान होतं. ठिपक्याला ठिपका चिकटून रांगच लागली असेल तर काळजीचं आहे. तिसऱ्या महिन्यात त्याच चट्ट्यात मऊ लव फुटायला लागली, तर तो शॉक लॉस होता.

आता टच-अप चौथ्या महिन्यात का नको, ते नीट समजून घ्या. समोर लावलेली बरीच मुळं तेव्हा झोपलेली असतात. वरून कातडी मोकळी दिसते, आत मूळ असतं. त्या ‘मोकळ्या’ जागेत नवी चीर पाडली तर आतलं मूळ कापलं जाऊ शकतं, म्हणजे आधीच लावलेलं तुमचंच मूळ खर्ची पडतं. आणि मागं? शॉक लॉसचे केस अजून यायचे असतात, त्यामुळं कुठून काढायला परवडेल हे त्या वेळी कुणालाच दिसत नाही. उरलेल्या दाट जागेतून ओढतात आणि जी जागा सावरणार होती तीही विरळ करून ठेवतात. दुसरी सिटिंग लागलीच तर दहा-बारा महिन्यांआधी नाही, हा साधा नियम. चौथ्या महिन्यात बोलावतात ते बहुतेक वेळा पेशंटची ओरड थांबवायला.

त्यात ‘फुकट’ हा शब्द फार घातक आहे. पैसे घेत नाहीत, पण ग्राफ्ट तर तुमच्याच डोक्यातून घेतात. हिशोब बघा. मागची सुरक्षित पट्टी ढोबळमानानं पावणेदोनशे चौरस सेंटिमीटर धरा. एका चौरस सेंटिमीटरला सत्तरेक ग्राफ्ट धरले तर बाराएक हजार होतात. त्यातले चाळीस ते पन्नास टक्के काढले की मागची बाजू उघडी पडायला लागते. म्हणजे उभ्या जन्मात पाच-सहा हजार, तेही केस दाट असलेल्या माणसाला. म्हणून सांभाळून काम करणारे एका सिटिंगला साधारण अडीच-तीन हजारांवर थांबतात. तुम्ही लिहिलंय की तुम्हाला ‘एका दिवसात साडेचार हजार ग्राफ्ट’ सांगितले. ते खरोखर साडेचार हजार असतील तर सत्ताविसाव्या वर्षीच बहुतेक साठा संपलाय. खोटं असेल, म्हणजे केस मोजून त्यांना ग्राफ्ट म्हटलं असेल, तर उलट तुमच्या फायद्याचं. एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस असतात, सरासरी दोनच्या आसपास. म्हणजे ते बावीसशे ग्राफ्टच निघतील आणि मागं अजून शिल्लक असेल. आपल्याकडं पाऊस दगा देतो तेव्हा दुबार पेरणीचं बियाणं उसनवारी करून का होईना दुकानातून आणता येतं. या बियाण्याचं दुकान नाही.

म्हणून सगळ्यात आधी मोजणीचा कागद मिळवा. एक केसाचे किती, दोनचे किती, तीनचे किती, चारचे किती, अशी फोड असलेला. नीट काम करणाऱ्या ठिकाणी तो असतोच, कारण समोरच्या रेषेत एक केसाचेच ग्राफ्ट लावायचे असतात, ते वेगळे काढल्याशिवाय काम होत नाही. सोबत संमतीपत्राची प्रत, भुलीचं औषध किती दिलं त्याची नोंद, चिरा कुणी पाडल्या नि ग्राफ्ट कुणी काढले त्या डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक, आधीचे-नंतरचे फोटो, पक्कं बिल. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या आचारनियमांत स्पष्ट आहे: पेशंटनं कागद मागितले तर ७२ तासांत द्यायचे, आणि नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायच्या.

इथंच ते लोक खेळ करतात, आणि याचा मला मनापासून राग आहे. ॲडव्हान्स भरेपर्यंत क्लिनिकचा काउन्सिलर, म्हणजे पेशंटशी बोलणी करणारा माणूस, रात्री अकरालाही फोन उचलतो. ऑपरेशननंतर त्याच नंबरवरून ‘फाइल हेड ऑफिसला गेलीय’, ‘सर कॉन्फरन्सला गेलेत’, ‘तुमचा डेटा जुन्या सिस्टिममध्ये होता’. डॉक्टरचं तोंड सकाळी रेषा आखताना पाच मिनिटं दिसतं, बाकी आठ तास टेक्निशियन. नॅशनल मेडिकल कमिशननं सप्टेंबर २०२२ मध्ये यावर मार्गदर्शक सूचना काढल्या, शस्त्रक्रियेचं रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरनंच हे करावं, कार्यशाळा नि यूट्यूब बघून शिकणं पुरेसं नाही, असं त्यात लिहिलं. तरी परिस्थिती तुम्ही बघताय. फोनवर भांडू नका. लेखी अर्ज ईमेलनं करा, तोच स्पीड पोस्टानं पाठवा, पावती आणि पोच जपा. “मला पुढील उपचारासाठी सेकंड ओपिनियन घ्यायचं आहे, संपूर्ण नोंदी द्याव्यात” एवढंच. त्यात धमकी नको, शिवी तर मुळीच नको.

नाहीच दिलं तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल आणि जिल्हा ग्राहक आयोग. क्लिनिक दुसऱ्या शहरात, दुसऱ्या राज्यात असलं तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे परभणीतच तक्रार करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी नाही. मुदत दोन वर्षांची. पण आधी मागचा भाग तपासून घ्या, नुसत्या संशयावर तक्रार टिकत नाही.

तपासणीसाठी परत महागड्या क्लिनिकची पायरी चढायची गरज नाही. नांदेडला विष्णुपुरीचं शासकीय मेडिकल कॉलेज तुम्हाला जवळ आहे, तिथली त्वचाविकार ओपीडी. लातूर, अंबाजोगाई, संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, सगळीकडं हा विभाग आहे. गर्दी असते, सकाळी लवकर जा. डर्मोस्कोपनं, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणाऱ्या भिंगानं, मागचा भाग बघायला सांगा आणि जे दिसलं ते केसपेपरवर लिहून घ्या. तो केसपेपर पुढं फार कामाला येतो. समोर पू, वाढत जाणारी वेदना, ताप किंवा काळपट पडलेली कातडी असेल, तर मात्र वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

लग्नाचं: मे महिन्यात चार महिने होतील, तोवर समोर बारीक लव असेल, घनदाट काही नाही. हे घरात आत्ताच सांगून टाका. टच-अपला गेलात तर बोहल्यावर खपल्या नि भादरलेलं डोकं घेऊन उभं राहावं लागेल. फेटा बांधायला तोवर हरकत नाही, पण बेचाळीस डिग्रीत तासन्‌तास घट्ट फेटा म्हणजे घामानं पुटकुळ्या. आत मऊ सुती कापड घ्या, अधूनमधून उतरवा. तसंही दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात नवा केस कातडी फोडताना पुटकुळ्या येतात. फोडू नका, कोमट पाण्यात भिजवलेला फडका धरा.

तोवर दुपारचं ऊन टाळा, छत्री किंवा सैल टोपी वापरा. हेल्मेट आता चालेल, सरळ वरून घाला-काढा, घासत नको. बोअरच्या जड पाण्यानं ग्राफ्ट मरत नाहीत, पण शाम्पूचा फेस नीट होत नाही नि खाज सुटते, म्हणून डोक्यापुरतं जारचं पाणी घ्या. अजून कुठं खपली चिकटून असेल तर शाम्पूचा फेस पाच मिनिटं ठेवून बोटाच्या पेरानं हलकेच फिरवा, नख नाही. हळद, तुरटी, कांद्याचा रस हे कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. तंबाखू, गुटखा, सिगारेट बंद. निकोटिननं रक्तवाहिन्या आवळतात.

फिनास्टेराइड या केसगळती रोखणाऱ्या गोळीबद्दल त्वचारोगतज्ज्ञाशी स्वतंत्रपणे बोला, क्लिनिकच्या काउन्सिलरशी नाही. लावलेले केस टिकतात, पण त्यांच्या मागचे मूळचे केस गळतच राहिले तर चार-पाच वर्षांत समोर पट्टा आणि मागं मैदान दिसतं. थोड्या लोकांना लैंगिक तक्रारी होतात, हे लग्नाआधी माहीत असलेलं बरं. गरोदर बाईनं फुटलेली गोळी हाताळू नये. आणि जयंतीच्या रक्तदान शिबिरात जाल तर ही गोळी चालू असताना रक्त देऊ नका, बंद केल्यावरही महिनाभर थांबावं लागतं.

या आठवड्यात दोनच कामं करा: नोंदींचा अर्ज आणि मागचे फोटो. टच-अपची तारीख त्यांनी परस्पर लावली असेल तर लेखी कळवून रद्द करा. मोजणीचा कागद आला की त्यातले चारही आकडे इथं टाका, आधी केसांची बेरीज करून बघू. बेरीज साडेचार हजारांच्या आसपास निघाली तर त्यांनी केसच मोजले होते.