पहिल्या लांब पल्ल्याचे खाणे

पुण्याहून महाबळेश्वरपर्यंत सायकलने जाण्याचा तुमचा बेत वाचून मनापासून आनंद झाला. अंतर सुमारे 120 किलोमीटर असले, तरी खरा कस वाईनंतरच्या पसरणी घाटात लागतो आणि तिथे पाय गळतात ते पुष्कळदा सराव कमी पडल्यामुळे नव्हे, तर आधीच्या काही तासांत पुरेसे न खाल्ल्यामुळे.

म्हणून भूक लागण्याची वाट न पाहता, पहिल्या तासापासूनच दर अर्ध्या तासाला थोडे खाण्याची सवय लावून घ्या. तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत, म्हणजे साधारण एक केळे आणि तीन-चार खजूर. मी बिया काढलेले खजूर आणि चिक्कीचे तुकडे वेष्टनातून आधीच काढून जर्सीच्या मागच्या खिशात ठेवतो, कारण चढावर एका हाताने वेष्टन फाडणे जमत नाही.

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे खंबाटकी घाट चढून आल्यावर सुरूर फाट्याजवळ मिसळ किंवा वडापाव भरपेट खाणे. तेलकट अन्न पचायला वेळ लागतो, आणि पुढचा चढ तोंडावर असतो. त्याऐवजी इडली घ्या. नुसते पाणीही पुरत नाही, एका बाटलीत लिंबू-मीठ-साखरेचे सरबत असू द्या.

कोणताही नवा पदार्थ त्या दिवशी प्रथमच खाऊ नका. आधीच्या 40-50 किलोमीटरच्या फेरीत तो पोटाला मानवतो का, ते पाहा. बाजारात मिळणाऱ्या एनर्जी जेल आणि पावडरींचा विचार सध्या नको. मधुमेह असल्यास मात्र डॉक्टरांना विचारूनच निघा.