मुलाला एकही स्टार नाही, तरी कॉलेज फुटबॉलसाठी प्रयत्न करावा का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा नववीत आहे, अंगाने थोराड आहे, हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल संघात ऑफेन्सिव्ह लाइनवर (चेंडू असलेल्या संघाच्या पुढच्या फळीत) खेळतो, पण कॉलेजसाठी खेळाडू जोखणाऱ्या रिक्रूटिंगच्या साइटवर (तिथे एक ते पाच स्टार देतात) त्याला एकही स्टार नाही. कॉलेजचे संघ मुलं कशी हेरतात, कशी घडवतात, आणि ‘आपल्या मुलांचं हे काम नाही’ असं घरातले म्हणतात त्यात तथ्य आहे का, असं विचारलंय. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं तुम्हाला कुणीही देईल. मी लिहायला बसले ती तिसऱ्यासाठी. हेच वाक्य माझ्या मोठ्या दिरांनी आमच्या घरात इतक्यांदा म्हटलंय की आता ते कुठेही वाचलं तरी माझा संताप होतो.

तथ्य अजिबात नाही.

आम्ही आयोवात सीडर रॅपिड्सला राहतो. माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं. वडील कुस्ती करायचे, पुढे गावच्या तालमीत पोरं तयार करायचे. कुणी नवं पोर घेऊन आलं की ते आधी त्याचं मनगट धरून बघायचे, मग पायाचा घोटा, मग सोबत आलेल्या बापाकडे नजर टाकायचे. वजन किती हे विचारायचेच नाहीत. हाड आहे ना, मांस आपण चढवू, एवढंच म्हणायचे. लाइनचा चांगला कोच हेच करतो. हात किती लांब, कंबरेतून किती खाली बसतो, पाय किती चपळ, आई-बाप केवढे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचं आजचं वजन त्याला फारसं काही सांगत नाही.

आणि स्टार देणारे नेमके लाइनवरच्या मुलांच्या बाबतीत सगळ्यात जास्त चुकतात. आमच्या घरापासून थोड्या अंतरावर सोलन आहे. तिथला टायलर लिंडरबॉम आयोवा विद्यापीठात आला तो डिफेन्सिव्ह लाइनवर खेळायला. पहिलं वर्ष सरता सरता त्याला सेंटरला, म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइनच्या मधोमध, हलवलं, २०२१ मध्ये त्याला देशातल्या सर्वोत्तम सेंटरची रिमिंग्टन ट्रॉफी मिळाली आणि २०२२ च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघ कॉलेजची मुलं निवडतात त्यात) तो पहिल्या फेरीत गेला. दुसऱ्या बाजूला अ‍ॅनामोसा. तिथला मार्शल यांडा आधी कम्युनिटी कॉलेजात खेळला, मग आयोवात आला, आणि पुढे बाल्टिमोरच्या व्यावसायिक संघाकडून आठ वेळा प्रो बोलसाठी, म्हणजे निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी, निवडला गेला. आयोवातच रॉबर्ट गॅलरी टाइट एंड (चेंडू झेलणारा आणि अडवणारा) म्हणून आला होता, तो टॅकल (लाइनच्या टोकाचा खेळाडू) होऊन २००४ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर उचलला गेला. कर्क फेरेंट्झ १९९९ पासून आयोवात मुख्य कोच आहेत आणि ते मुळात लाइनचेच कोच. त्यांनी मुलं नुसती आणली नाहीत, थांबून वाढवली.

आता आमच्या मुलाचं. कोविडमुळे मार्च २०२० पासून मे २०२१ संपेपर्यंत कोचना मुलांना समोरासमोर भेटायचीच बंदी होती. त्यामुळे त्याची दहावी-अकरावी नुसते हडल या साइटवर खेळाचे व्हिडिओ चढवण्यात गेली. जून २०२१ मध्ये कॅम्प सुरू झाले आणि एका मोठ्या विद्यापीठाच्या कॅम्पमध्ये तिथल्या कोचने त्याला बाजूला घेऊन सांगितलं की तुझ्यासाठी स्कॉलरशिप ठेवली आहे. आम्ही हरखून गेलो. पोराने ट्विटरवर फोटो टाकला, मी सांगलीला फोन केला. ऑगस्टपासून, म्हणजे बारावी सुरू होताना, लेखी ऑफर देता येते. ती आली नाही. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला, कोच ‘काळजी करू नका’ म्हणत राहिला. डिसेंबरात सह्यांचा दिवस आला तेव्हा तो फोनही उचलत नव्हता. ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) त्यांनी दुसऱ्या कॉलेजांतली तयार, बावीस वर्षांची मुलं उचलली होती. शिवाय कोविडमुळे खेळायला एक जादा वर्ष मिळाल्यामुळे जुनी मुलं जागा सोडत नव्हती. त्या वर्षी बारावी झालेल्या बऱ्याच मुलांना हा फटका बसला.

त्याच आठवड्यात पुण्याहून दीर आणि जाऊबाई आमच्याकडे आले होते. जेवायला बसलो असताना भाऊजी मुलाच्या देखत म्हणाले, ‘झालं समाधान? गोऱ्या-काळ्यांच्या अंगाशी आपलं अंग लागतं का? इंजिनिअरिंगला घाला आता गुपचूप.’ पोर काही बोललं नाही. ताट संपवलं आणि गॅरेजमध्ये वजनं उचलायला गेलं. मी भाऊजींना एवढंच म्हटलं की त्याचं अंग अजून भरायचंय, आणि माझे वडील तुमच्या लग्नात पाहुणे म्हणून आले होते तेव्हा सगळे त्यांच्या खांद्यांकडे बघत होते, तेच अंग याचं आहे. त्यावरून जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.

जानेवारीत शेजारच्या राज्यातल्या एका एफसीएस कॉलेजचा (डिव्हिजन वन या सर्वोच्च स्तरातलाच, पण मोठ्या संघांखालचा गट) लाइन कोच घरी आला. पोहे खाल्ले. मुलगा हिवाळ्यात हेवीवेटला कुस्ती खेळतो हे त्याने आधीच काढून ठेवलं होतं, आणि लाइनवर घेताना तो कुस्तीवाली मुलं शोधतोच म्हणाला. भिंतीवरचा वडिलांचा लंगोटातला फोटो बराच वेळ बघत राहिला. मुलगा किती झोपतो, सकाळी काय खातो, हे मला विचारलं. मग सरळ सांगितलं: आत्ता माझ्याकडे पैसे नाहीत, प्रिफर्ड वॉक-ऑन म्हणून ये, म्हणजे संघात जागा पक्की पण स्कॉलरशिप नाही. पहिलं वर्ष रेडशर्ट, म्हणजे नुसता सराव, मैदानात उतरणार नाहीस. दुसऱ्या वर्षीही बहुतेक नाही. तुला पन्नास पौंड चढवायचे आहेत आणि त्याला वेळ लागतो. इतके महिने गोड बोलणं ऐकल्यावर पहिल्यांदा कुणीतरी आमच्या मुलाला खरं सांगत होतं. भाऊजींचं पुण्याहून मत आलं की फुकटात राबवून घेतील.

काय राबवून घेतलं ते सांगते. पहिल्या वर्षी तो स्काउट टीमवर होता, म्हणजे दर आठवड्याला पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या चाली शिकून आपल्याच मुख्य डिफेन्ससमोर रोज उभं राहायचं. रोज आपटला जायचा. पण अठरा वर्षांचं पोर चोवीस वर्षांच्या मुलांसमोर वर्षभर उभं राहिलं की त्याला जे येतं ते कुठल्याही कॅम्पात पैसे भरून मिळत नाही. हात समोरच्याच्या छातीच्या आत घालायचे, खालून शिरायचं, पहिलं पाऊल तोकडं टाकायचं, हे रोज, रोज. २०१४ पासून कॉलेजांना खेळाडूंना हवं तेवढं जेवण देता येतं, वॉक-ऑनलासुद्धा. आमच्या पोराचं अंग त्या जेवणावर भरलं. तालमीतला खुराक आणि हे, मला काही फरक दिसत नाही. वसंतातल्या पंधरा सरावांत त्याला टॅकलवरून गार्डला, म्हणजे सेंटरच्या शेजारी, आणलं. २४५ पौंडांचा होता, तो २९५ चा झाला. तिसऱ्या वर्षी अर्धी स्कॉलरशिप मिळाली, कारण एफसीएसमध्ये स्कॉलरशिप वाटून देता येते. चौथ्या वर्षी तो सुरुवातीच्या अकरांत होता. आणि हो भाऊजी, तो मेकॅनिकल इंजिनिअरिंगच करतोय. तुम्हाला कधी विचारावंसं वाटलं नाही, म्हणून इथे लिहिते.

तुमच्या मुलाची वेळ येईल तोवर मात्र बरंच बदललेलं असेल. जून २०२५ मध्ये कोर्टाने हाउस खटल्यातला (कॉलेज खेळाडूंनी पैशांसाठी लढलेला) समझोता मान्य केला. तो स्वीकारलेली विद्यापीठं आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठ सगळ्या खेळाडूंना मिळून सुमारे २.०५ कोटी डॉलरपर्यंत. त्यांच्यासाठी फुटबॉलच्या ८५ स्कॉलरशिपची मर्यादा गेली, पण फुटबॉल संघात १०५ च खेळाडू ठेवायचे असा नियम आला. पूर्वी मोठ्या संघात सव्वाशेच्या आसपास मुलं असायची. छाटली गेली ती वॉक-ऑन मुलं. त्यामुळे बड्या नावांच्या मागे धावू नका. एफसीएस आणि डिव्हिजन टू बघा. डिव्हिजन थ्रीही बघा: तिथे खेळाची स्कॉलरशिप नसते, पण मार्कांवर चांगली मदत मिळते, आणि आमच्याकडच्या वॉर्टबर्ग, को, सेंट्रलसारख्या कॉलेजांत खेळायला मिळतं. कोच घरी आला की त्याला एकच विचारा: चार वर्षांपूर्वी हायस्कूलमधून घेतलेल्या लाइनच्या मुलांपैकी आज तुमच्याकडे किती आहेत? उत्तर देताना तो चाचरला तर समजून जा की तो मुलं विकत घेतो, घडवत नाही. तोंडी ऑफरवर पेढे वाटू नका.

थोडं दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं. क्वार्टरबॅक आणि रिसीव्हरच्या बाबतीत स्टार बऱ्यापैकी बरोबर ठरतात, मी बोलतेय ते लाइनपुरतं. हाडच बारीक असेल तर कितीही खुराक दिला तरी उपयोग नाही, तेव्हा मुलाला स्वप्नात ठेवू नका. डोक्याला मार बसण्याची भीती खरी आहे. मुलाने डोकं जड वाटतंय म्हटलं तर त्या दिवशी सामना कितीही मोठा असो, त्याला बसवा, आणि कोच कुरकुरला तर त्या कोचकडे मूल ठेवू नका. तुमचं कुटुंब अजून एच-४ (नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाच्या कुटुंबाचा व्हिसा) वर असेल, किंवा मुलगा पुढे एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर जाणार असेल, तर एनआयएलचा, म्हणजे खेळाडूला नाव-चेहरा वापरायला दिल्याबद्दल मिळणारा, एक डॉलरही घेण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. हा पैसा व्हिसाच्या अंगलट येऊ शकतो आणि कॉलेजचा माणूस ते तुम्हाला आपणहून सांगेलच असं नाही.

नववीत वजन वाढवायच्या मागे लागू नका. हिवाळ्यात कुस्तीला घाला, उन्हाळ्यात गोळाफेक-थाळीफेक करू दे. आणि एक काम याच सत्रात करा. डिव्हिजन वनला खेळायचं तर हायस्कूलमध्ये १६ कोअर कोर्स (मुख्य विषयांचे वर्ग) आणि त्यांत किमान २.३ जीपीए (सरासरी गुण) लागतो. त्यातले १० बारावीच्या आधी पूर्ण हवेत, आणि त्या दहांपैकी ७ इंग्रजी, गणित, विज्ञानाचे. शाळेच्या काउन्सेलरकडे जाऊन एनसीएएने (कॉलेज खेळ चालवणारी संघटना) मान्य केलेल्या कोर्सची तुमच्या शाळेची यादी मागून घ्या. खेळणाऱ्या मुलाला सोपं जावं म्हणून शाळा कधीकधी जो गणिताचा वर्ग सुचवते, तो त्या यादीत नसतो.